'जागा माझी, ओढू द्यायचं की नाही ते मी ठरवणार'

सोलापुरात सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत हे वाक्य हॉटेलमालक आणि कारखानदार बिनधास्त ऐकवतात. ते खरं नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत हॉटेलं, ऑफिसं, कामाच्या जागाही येतात. म्हणजे यंत्रमागाची शेडसुद्धा. "सिगारेट कुठंय, बिडी आहे की," हा युक्तिवादही चालत नाही. बिड्या वळणाऱ्या हातांचं हे शहर, पण कायद्याला दोन्ही सारखेच.

मालकाला निवड आहे ती एवढीच: ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल किंवा ३० किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट असेल, तर वेगळी धूम्रपान खोली करता येते. चारी बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, धूर थेट बाहेर फेकणारी व्यवस्था. कोपऱ्यातलं टेबल आणि वर एक पंखा, हे त्यात बसत नाही.

हॉटेल असो की कारखाना, प्रवेशाच्या दारावर धूम्रपानबंदीची किमान ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी हवी. टेबलावर अॅशट्रे ठेवणंही नियमाविरुद्ध. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत. मालकानं दुर्लक्ष केलं, तर जितके ओढणारे तितके दंड त्याच्याही डोक्यावर.