टेबलाचे पाय कापताना: टेपने मोजायचं की फरशीवरून आखायचं?

डायनिंग टेबल साधारण 75 सेंमी उंच असतं, ते कापून मांडी घालून बसायचं टेबल किंवा टीपॉय करायचा म्हटलं की बहुतेक लोक टेप काढतात, चारही पायांना खालून सारखी खूण करतात आणि करवत चालवतात. पाय अगदी सरळ उभे असतील आणि टेबल आधीपासून डुगडुगत नसेल तर ह्यानेही भागतं. पण चारही पायांतून सारखं कापणं वेगळं आणि चारही पाय एका पातळीत टेकणं वेगळं. एक पाय आधीच 3 मिमी आखूड असेल तर सारखं कापल्यावरही तो 3 मिमी आखूडच राहणार, टेबल तसंच डुगडुगणार, फक्त बुटकं होऊन.

फरशीवरून आखायचं म्हणजे टेबल उभंच ठेवायचं, जो पाय हवेत राहतो त्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून टेबल आधी स्थिर करायचं, वर लेव्हल (पाणसळ) ठेवून बघायची, मग जेवढं कमी करायचंय तेवढ्या जाडीचा लाकडाचा ठोकळा फरशीवर ठेवून त्यावर पेन्सिल आडवी धरायची आणि प्रत्येक पायाभोवती चारही बाजूंनी रेघ फिरवायची. पेन्सिलच्या निम्म्या जाडीमुळे रेघ 3-4 मिमी वर येते, तेवढा ठोकळा बारीक घ्या. आता कुठल्या पायातून किती जायचं ते टेपने ठरत नाही, रेघच ठरवते.

तिरके पाय असतील तर मात्र टेपचा नाद सोडाच. 15 अंश तिरक्या पायावर मोजलेले 5 सेंमी म्हणजे उंचीत जेमतेम 4.8 सेंमी, हे एक वेळ चालेल, पण पायाला काटकोनात कापलंत तर तळाची फक्त एक कड टेकते. फरशीवरून काढलेली रेघ आपोआप योग्य तिरकी येते, कोन मोजायची भानगडच नाही.

ह्यात एक गोची आहे, फरशीच उंचसखल असेल तर तो दोषही रेघेत उतरतो. जुन्या शहाबादीवर तर नकोच, छोटा टीपॉय असेल तर ग्रॅनाइटच्या ओट्यावर चढवून आखा. शंका असेल तर चौरस टेबल पाव वळसा फिरवून बघा, आखूड पाय टेबलाबरोबर फिरला तर दोष टेबलाचा, हवेतली जागा तिथेच राहिली तर फरशीचा.

रेघेवर आधी कटरने खोल चीर मारा म्हणजे करवतीने कड फुटत नाही. एवढं करूनही जरा डुगडुगलं तर परत करवत घेऊ नका! ज्या दोन कर्णाने समोरासमोरच्या पायांवर टेबल झुलतंय त्यातल्या एकाला पॉलिश पेपर मारा, दुसऱ्या जोडीला हात लावू नका. शेवटी कापलेल्या तळाला पॉलिशचा हात द्या, लादी पुसतानाचं पाणी तिथूनच वर चढतं. रबरी बूच लावणार असाल तर त्यांची जाडी मात्र आखायच्या आधीच धरायला हवी.