धूळ आली, पण किती उंचीवरून? लायडरमागचा इतिहास

२३ जानेवारी २०२२च्या रविवारी मुंबई, कोकण आणि उत्तर महाराष्ट्रावर धुळीचं पांढुरकं मळभ दाटलं. कराचीकडे उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र आणि गुजरात ओलांडून इकडे सरकलं होतं. नाशिकजवळच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात अनेक बागांमध्ये ते द्राक्षमण्यांत पाणी उतरण्याचे दिवस. नेमकं ऊन गेलं आणि गारठा वाढला. खाली बसलेली धूळ डोळ्यांना दिसते. हवेत ती किती उंचीवर होती, हे मात्र त्यावरून कळत नाही, आणि पीएम १०, म्हणजे हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मोजणाऱ्या यंत्रावरूनही नाही. ते यंत्र नाकाशी पोचलेली धूळ मोजतं. डोक्यावर तीन किलोमीटरवरून वाहत गेलेला थर त्याच्या हिशेबातच येत नाही. तो पकडतो लायडर, म्हणजे लेसरचा प्रकाश वर सोडून धुळीची उंची मोजणारं यंत्र.

वाळवंटातली धूळ दूरवर जाते, हे फार आधीपासून माहीत आहे. १८३२च्या जानेवारीत केप वर्दी बेटांजवळ ‘बीगल’ जहाजावर पडलेली बारीक धूळ चार्ल्स डार्विननं जमवली आणि १८४६ साली अटलांटिकवरच्या धुळीबद्दल टिपण प्रसिद्ध केलं. पण ती आकाशात कुठल्या थरातून आली, हे तपासायला त्याच्याकडे साधन नव्हतं.

साधनाची कल्पना निघाली ती सर्चलाइटमधून. खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगणारे कण उजळून दिसतात, तेच तत्त्व. १९३० साली आयर्लंडच्या एडवर्ड सिंग यांनी सुचवलं की सर्चलाइटचा झोत वर सोडावा, दूर उभं राहून त्याचा विखुरलेला प्रकाश मोजावा आणि कोनावरून उंची काढावी. १९३७मध्ये अमेरिकेत हुलबर्ट यांनी अशा झोताची छायाचित्रं घेऊन सुमारे २८ किलोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपला. पण झोत सलग असल्यामुळे दिवा एकीकडे आणि कॅमेरा काही किलोमीटर दुसरीकडे, असा पसारा मांडावा लागे.

१९६०मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवला. पुढे दोनच वर्षांत त्यातून अत्यंत आखूड, जोरकस पल्स, म्हणजे प्रकाशाचे सुटे ठोके, काढण्याची युक्ती सापडली आणि कोन मोजायची गरजच संपली. पल्स वर गेली, कणांवर आपटली, थोडा प्रकाश दुर्बिणीत परत आला; मधला वेळ मोजला की उंची मिळाली. प्रकाशाची ये-जा धरून दर मायक्रोसेकंदाला दीडशे मीटर, म्हणजे तीन किलोमीटरवरच्या थराचं उत्तर २० मायक्रोसेकंदांत हातात. हाच लायडर. १९६३मध्ये एमआयटीच्या फिओक्को आणि स्मलिन यांनी रुबी लेसरनं वर पाहिलं तेव्हा त्यांचं लक्ष ६० ते १४० किलोमीटरवर होतं. लेसरनं आधी उल्कांची धूळ शोधली. वाळवंटाचा नंबर नंतर लागला!

धूळ आहे की धूर की ढग, हे ओळखायचं कसं? इथे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, कामी आलं. गोल थेंबावरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण जवळपास तसंच राहतं, तर वाळवंटी कण वेडेवाकडे असल्यानं ते विस्कटतं. बर्फाचे स्फटिकही ते विस्कटतात, त्यामुळे उंची आणि तापमान पाहून निवाडा करावा लागतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात हुशार पायरी हीच, कारण तोवर लायडरला ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगता येत होतं.

भारतात नाशिकच्या सर्वात जवळचा अध्याय पुण्याचा. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, आयआयटीएममध्ये, १९८०च्या दशकात अर्गॉन-आयन लायडर सुरू झाला. त्याचा झोत सलग होता, म्हणून झोत सोडणारं आणि टिपणारं यंत्र वेगवेगळ्या जागी ठेवून उंची कोनावरूनच काढली जाई. सर्चलाइटचीच जुनी रीत, लेसरच्या अंगरख्यात. १९९८मध्ये तिरुपतीजवळच्या गादंकीला जपानच्या सहकार्यानं पल्स लायडर उभा राहिला.

अवकाशातून पहिली मोठी चाचणी सप्टेंबर १९९४मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून झाली. सहारातल्या धुळीचे थर त्यात स्पष्ट दिसले. मग एप्रिल २००६मध्ये अमेरिका-फ्रान्सचा कॅलिप्सो उपग्रह गेला. ५३२ आणि १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पल्स सोडत त्यानं २०२३पर्यंत हवेचे उभे छेद घेतले. मान्सूनपूर्व काळात भारतावरची धूळ पुष्कळदा जमिनीलगत नसून काही किलोमीटर वर तरंगते, हे चित्र त्यानं पक्कं केलं. ही उंची महत्त्वाची, कारण वर तरंगणारी धूळ ऊन शोषून तिथली हवा तापवते. अरबी समुद्रावरची पश्चिम आशियाई धूळ मध्य भारतातला पाऊस काही दिवसांत वाढवू शकते, असं व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं.

नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर आहे, म्हणजे पीएम १०चा आकडा खाली आणणं हे इथलं सरकारी उद्दिष्ट. बाहेरून आलेली धूळ त्या आकड्यात मिसळली, तर खोदलेल्या रस्त्यांचा आणि बांधकामांचा वाटा किती, हे वेगळं काढता आलं पाहिजे. नाहीतर महापालिकेला फुकटचा दोष तरी लागेल किंवा फुकटची सबब तरी मिळेल. मे २०२४मध्ये गेलेला युरोप-जपानचा अर्थकेअर उपग्रह कॅलिप्सोचं काम ३५५ नॅनोमीटरवर पुढे चालवतो आहे. पण त्याचा लेसर उपग्रहाच्या वाटेखालची अरुंद रेघ तेवढी पाहतो आणि एकाच वाटेवर परतायला २५ दिवस घेतो. धुळीचं वादळ मात्र दोन दिवसांत येऊन जातं. त्यामुळे एखाद्या शहरावरची धूळ तासातासाला पाहायची, तर जमिनीवरचा लायडरच लागतो.