हप्ते उतारावरचे

गडकरी रंगायतनला मध्यंतरात बटाटेवडा खाताना 'नाटक काही जमलेलं नाही' यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि घंटा झाली की सगळे मुकाट आत जाऊन बसतात. तिकिटाचे पैसे मोजलेत ना! ते गेले ते गेलेच. आत बसून आता संध्याकाळही जाते. हा काही ठाणेकरांचाच स्वभाव नव्हे. आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांचा 1985 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेत नाटकांची हंगामी तिकिटं घेणाऱ्या काहींना त्यांनी न मागता सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण किंमत भरलेली मंडळीच जास्त नाटकांना आली.

संघबांधणीतही हा बुडीत खर्च छळतो. 1995 मध्ये स्टॉ आणि होआंग यांना अमेरिकन बास्केटबॉलमध्ये दिसलं, की नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत वरच्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूला, कामगिरी जमेस धरूनही, जास्त वेळ खेळवलं जातं.

आइस हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकन लीगमध्ये 2005-06 पासून संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. त्यामुळे ताऱ्याला दिलेला डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून येतो. कॅनडातल्या अर्थतज्ज्ञांच्या 2014 च्या अभ्यासानुसार तिथले आघाडीपटू 27-28 व्या वर्षी, बचावपटू 28-29 व्या वर्षी भरात असतात. खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा होतो तोही साधारण 27 व्या वर्षीच. म्हणजे भाव ठरतो शिखरावर आणि हप्ते फेडायचे उतारावर! याच लीगमधल्या पिट्सबर्ग संघाने क्रॉस्बी, माल्किन, लेतांग हे खेळाडूंचं त्रिकूट 2006 पासून सांभाळलं. 2009, 2016 आणि 2017 मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं. 2023 ते 2025 सलग तीन वर्षं प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीसुद्धा नाही. तीन कपांच्या बदल्यात एवढं मी तरी चालवून घेईन.

वयाच्या आलेखात एक मेख मात्र आहे. पस्तिशीतल्या खेळाडूंची सरासरी काढली तर ती झकास दिसते, कारण घसरलेले केव्हाच घरी गेलेले असतात. 'अनुभवी माणसं बघा कशी टिकतात' म्हणणारा निवडकर्ता फक्त टिकलेल्यांकडेच बघत असतो.

शिवाय वय सगळ्यांना सारखं भोवत नाही. आपल्या मैदानी हॉकीत ड्रॅग-फ्लिक, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून भिरकावलेला फटका, ताशी 100 किलोमीटरच्या आसपास जाते. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावरून गोलपर्यंतचे 14-15 मीटर म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. त्यातले 0.2 सेकंद पाहून हालचाल सुरू होण्यातच जातात. म्हणून मुरलेला गोलरक्षक चेंडू सुटण्याआधीच समोरच्याचे खांदे आणि स्टिकचा कोन वाचतो. ही नजर वर्षांनी येते. विंगवरच्या खेळाडूची धाव वर्षांनी जाते. पॅरिस 2024 मध्ये ब्रिटनविरुद्ध बचावपटू रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारत दहा जणांनिशी लढला, बरोबरीनंतरचा शूटआउट 4-2 ने जिंकला. गोलमध्ये होता 36 वर्षांचा श्रीजेश. पण आदल्या वर्षी कितीतरी सामन्यांत अर्धा वेळ तिथे कृष्ण पाठक उभा राहिला होता. नवी बांधणी म्हणतात ती ही.

बँकॉकला 1998 मध्ये 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळालं, तेव्हा याच्या अगदी उलट घडलं. कर्णधार धनराज पिल्लेसह सात ज्येष्ठांना लगोलग 'विश्रांती' देण्यात आली. खडकीचा धनराज तेव्हा 30 वर्षांचा होता. त्यानंतर तो सिडनी आणि अथेन्स अशी दोन ऑलिंपिक खेळला.