ज्या मापयंत्रावर एकही आकडा नाही

पोळा झाला की जळगावच्या एमआयडीसीत जिनिंगवाल्यांची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरण्यांची, कामं यायला लागतात. दसरा-दिवाळीला कापूस येणार, त्याआधी मशिनी उभ्या राहिल्या पाहिजेत. त्यातलं एक काम ठरलेलं असतं: फुटलेल्या बेअरिंगच्या ठोकळ्याच्या (यात मशिनीचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, टेकतो) जागी नवा करून द्यायचा. फाउंड्रीतून बिडाचं कास्टिंग येतं ते वाळू चिकटलेलं, एका अंगाला फुगलेलं, मधलं भोक थोडं सरकलेलं. या वेड्यावाकड्या तुकड्यावर कुठे किती कापायचं हे मशीन सांगत नाही. ते आधी रेघ ओढून ठरवावं लागतं, आणि ती रेघ ओढणारं साधन म्हणजे सरफेस गेज. जुने मिस्त्री त्याला मार्किंग ब्लॉक म्हणतात.

बघायला गेलं तर फार काही नाही. खाली जड, सपाट बुडाचा ठोकळा, त्यात मागेपुढे झुकवता येणारी उभी दांडी, आणि दांडीवर पकडीत अडकवलेली सुई, म्हणजे स्क्रायबर. सुईचं एक टोक सरळ, दुसरं वाकवलेलं. बुडाजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की सुई केसाएवढी वरखाली होते. बस्स. स्टीलच्या पट्टीवर मिलिमीटर असतात, व्हर्नियरवर त्याहून बारीक खुणा असतात, सरफेस गेजवर एकही आकडा नसतो. तरी मी त्याला मापयंत्रच म्हणतो, आणि वर्कशॉपमधलं सगळ्यात शहाणं मापयंत्र म्हणतो.

घर बांधताना गवंडी काय करतो ते आठवा. पारदर्शक नळीत पाणी भरतो, एक टोक या भिंतीच्या खुणेला लावतो, दुसरं टोक समोरच्या भिंतीला, आणि पाणी जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने रेघ मारतो. खूण जमिनीपासून किती फूट आहे याच्याशी त्याला त्या घडीला देणंघेणं नसतं. त्याला एक उंची इथून उचलून तिथे न्यायची असते. सरफेस गेज नेमकं हेच करतं. फक्त गवंड्याचा आधार पाण्याची पातळी, आणि आपला आधार सरफेस प्लेट, म्हणजे वरचं अंग तंतोतंत सपाट केलेला जड पाट.

ही प्लेट सपाट आहे हे ठरवलं कुणी? तपासायला आणखी सपाट प्लेट हवी, आणि ती तपासायला त्याहून सपाट. या चक्रातून बाहेर पडायची रीत जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश कारागिराने १८४० साली ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत मांडली. दोन प्लेटा निळा रंग लावून एकमेकींवर घासल्या आणि जिथे रंग लागला तो उंचवटा स्क्रेपरने खरवडला, तर त्या एकमेकींना तंतोतंत बसतील, पण सपाट असतीलच असं नाही. एक वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तशीच फुगीर असली तरी बसतातच. म्हणून तीन प्लेटा घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी अशा आलटून पालटून जुळवायच्या. तिन्ही एकमेकींना बसायच्या असतील तर कुणालाच फुगीर किंवा खोलगट राहता येत नाही. एक फुगीर असेल तर उरलेल्या दोघी खोलगट हव्यात, आणि दोन खोलगट एकमेकींना बसणार कशा? सपाटपणाचा कुठलाही नमुना हाताशी नसताना सपाटपणा घडवता येतो. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी चहा प्यायलासुद्धा गेलो नव्हतो, फळ्यावर तीन रेघा काढून त्याच त्या फिरवत बसलो होतो.

मला शिकवणारे मिस्त्री भुसावळकडचे. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी बूड पूस, भो." गेजचं बूड आणि प्लेट, दोन्ही तळहाताने पुसायची, कारण फडक्याला न कळणारी कणी तळहाताला कळते. एवढा आग्रह कशासाठी, ते साध्या त्रैराशिकाने समजतं. बूड ७० मिमी रुंद आहे आणि सुईचं टोक बुडाच्या पुढच्या कडेपासून १४० मिमी पुढे आहे असं धरा. मागच्या कडेखाली ०.०५ मिमीची, म्हणजे बारीक केसाएवढी, कणी आली तर सुईचं टोक ०.१ मिमी खाली जातं. कणीची चूक टोकाशी दुप्पट. सुई जितकी बाहेर काढाल तितकी ही पट वाढते, शिवाय लांब सुई लवतेही. म्हणून सुई आखूड ठेवायची, काम जवळ घ्यायचं.

आता तो ठोकळा. तो प्लेटवर तीन छोट्या स्क्रू जॅकवर, म्हणजे स्क्रूने उंची कमीजास्त होणाऱ्या टेकूंवर, ठेवतात. चार का नाही? तिपाई कधी डुगडुगत नाही, चारपाई डुगडुगते, म्हणून. खडबडीत अंगाला खडू किंवा चुना फासतात, म्हणजे रेघ उठून दिसते. मशिन केलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर खडू टिकत नाही, तिथे मोरचुदाचं पाणी लावायचं. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी आणतो तेच मोरचूद. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, त्यामुळे लोखंडाचे अणू पाण्यात उतरतात आणि तांबं त्यांच्या जागी पातळ साय धरतं. त्या तांबूस सायीवर सुईने ओढलेली रेघ चांदीसारखी चमकते.

मग मधल्या पोकळ भोकात लाकडाची पट्टी ठोकून बसवायची, कारण मध्यबिंदू हवेत काढता येत नाही. आणि इथून खरं डोकं लागतं. तळापासून मोजून मध्य काढला तर वरच्या बाजूची भिंत एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ येते. वरची भिंत सारखी धरली तर तळाला कापायला मटेरियल उरत नाही. मग मिस्त्री जॅक थोडा वर, थोडा खाली करतो, सुई चारी बाजूंनी फिरवून बघतो, आणि सगळीकडे थोडं थोडं कापायला उरेल अशी जागा शोधतो. भावकीची वाटणी करावी तसं मटेरियल वाटतो. जागा सापडली की सुई पक्की करून त्याच उंचीवर ठोकळ्याभोवती चारी बाजूंनी मध्यरेघ ओढायची. सुई ओढायच्या दिशेने किंचित कलती धरायची, रेघ एकदाच मारायची. दोनदा मारली की दोन रेघा होतात.

माझी मोठी चूक याच टप्प्यावर झाली. मध्यरेघ पट्टीवर १८२ मिमीला होती आणि तळ तिच्या ९० मिमी खाली हवा होता, म्हणून मी सुई ९२ वर लावली. पण पट्टी हातातच धरली होती आणि ती जेमतेम ५ अंश कलली होती. कललेल्या पट्टीवरचे ९२ म्हणजे उभ्या उंचीत ९१.६५. तळाची रेघ ०.३५ मिमी खाली गेली, मध्य तेवढा उंच झाला, आणि जिनवर शाफ्टचं एक टोक उचललं गेलं. बेअरिंग हात लावू देईना इतकं तापलं. शेवटी जोडीच्या दुसऱ्या ठोकळ्याखाली पत्र्याचं पॅकिंग घालून भागवलं. तेव्हापासून पट्टी काटकोनी गुण्याला टेकवल्याशिवाय मी वाचत नाही.

म्हणूनच जिथे आकडा टाळता येतो तिथे तो टाळावा असं मला वाटतं. गोल सळईचा मध्य काढायचा आहे. सळई व्ही ब्लॉकवर, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर, ठेवा, सुई नुसत्या अंदाजाने मध्याजवळ लावा आणि तोंडावर एक रेघ ओढा. सुईला हात न लावता सळई पाव फेरा फिरवा, पुन्हा रेघ. असं चार वेळा केलं की मधोमध एक इवलासा चौकोन उमटतो. अंदाज जेवढा चुकला तेवढा चौकोन मोठा, पण खरा मध्य नेमका त्या चौकोनाच्या मध्यावरच असतो. मोजलं काहीच नाही. व्हिटवर्थच्या तीन प्लेटांमागे हीच युक्ती आहे: चूक लपवायची नाही, ती फिरवून चारी बाजूंना सारखी पाडायची.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही तुलनाच कामी येते. मापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, १९३१ सालापासून. जळगावात मे महिन्यात ४५ अंश होतात. त्या उन्हात ३०० मिमीची पोलादी पट्टी जवळपास ०.०९ मिमी लांब होते. पण बिडाचं कामही जवळजवळ तेवढंच फुगतं, त्यामुळे दोघं एकाच सावलीत मुरलेले असले तर फरक मिटतो. अॅल्युमिनियम मात्र दुप्पट फुगतं, तिथे जपावं लागतं. दारातून ऊन थेट प्लेटवर पडलं तर आणखी एक दुखणं: ६०० मिमी लांब, १०० मिमी जाड बिडाच्या प्लेटचं वरचं अंग खालच्यापेक्षा २ अंशांनी तापलं की ती मध्ये सुमारे ०.००९ मिमी फुगते. सुईला हे कळत नाही, पण सुईच्या जागी डायल, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं घड्याळासारखं मापयंत्र, लावलात तर काटा हलायच्या बेतात येतो.

दगडी प्लेटा आल्यापासून गंजाची काळजी मिटली. काळ्या ग्रॅनाइटच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या या प्लेटांचा दगड भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या खानदेशच्या काळ्या बेसॉल्टचाच सख्खा भाऊ. एकाच जातीचा शिलारस भराभर थिजला की बेसॉल्ट, जमिनीखाली सावकाश थिजला की दाणेदार गॅब्रो. बिडाच्या प्लेटवर हातोडी पडली तर खड्ड्याभोवती कड वर येते आणि सगळी मापं बिघडतात. दगडाचा नुसता टवका उडतो, उंची तीच राहते.

ठोकळ्याकडे परत येऊ. रेघा ओढून झाल्या की त्यांच्यावर थोड्या थोड्या अंतराने डॉट पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, बारीक ठिपके मारायचे, कारण शेपरवर, म्हणजे पृष्ठभाग तासणाऱ्या मशिनीवर, चिप्सखाली खडूची रेघ पुसली जाते, ठिपका पुसला जात नाही. मग रेघेपर्यंत कापायचं. मागच्या वर्षी नवीन पोराने पहिला ठोकळा असाच तळापर्यंत कापून आणला. मिस्त्रींनी चष्मा वर सरकवला, ठोकळा उजेडाकडे केला आणि कडेवरून अंगठा फिरवला. चारी बाजूंनी प्रत्येक ठिपका बरोबर अर्धा उरला होता.