बेने इस्राएल : श्रद्धा, धर्मग्रंथ व परंपरा

कोकणात, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेला मराठीभाषक ज्यू समाज. भारतातील ज्यूंमध्ये हा संख्येने सर्वांत मोठा. कोचीनचे ज्यू आणि बगदादी ज्यू यांहून वेगळा. ज्यू धर्म ग्रंथाभोवती उभा आहे, असे सर्वसाधारणपणे मानतात. बेने इस्राएलांनी मात्र तो दीर्घकाळ ग्रंथाविना सांभाळला, आणि पुढे ग्रंथ हाती आला तेव्हा त्याचा अर्थ त्यांना बराचसा मराठीतूनच उलगडला.

समाजाची पूर्वपीठिका अशी सांगतात : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली आणि पोथ्या समुद्रात गेल्या. चौदा जणांची ही संख्या चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही येते, हे अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून पुढचे अनेक काळ या आगमनासाठी सुचवले गेले आहेत. निर्णायक पुरावा कोणत्याच बाजूला नाही. जुन्या सणांत हनुक्का, हा इ. स. पू. दुसऱ्या शतकात सुरू झालेला दिव्यांचा सण, नाही, म्हणून पूर्वज त्या सणाच्या उगमाआधीच निघाले, असा युक्तिवाद समाजाचे इतिहासकार करीत. पण एवढ्या काळात एखादा सण विस्मरणातही जाऊ शकतो.

पोथ्या गेल्यावर उरले ते आचार. आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारी (शब्बाथ) कामबंदी, खाण्याचे निर्बंध, आणि ‘शेमा’ ही देवाच्या एकत्वाची ग्वाही देणारी प्रार्थना. ‘अनुवाद’ (Deuteronomy) या बायबलमधल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातले हे वचन ज्यू श्रद्धेचा गाभा आहे : देव एकच, त्याला मूर्ती नाही. जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी हेच शब्द म्हटले जात. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. आडनावे मात्र गावांवरून आली : रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर.

सणांची जुनी नावे पाहिली की हा धर्म कोकणात कसा मुरला होता ते कळते. वर्षारंभाचा रोश हशाना हा नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा योम किप्पूर हा दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारे लावून उपास करीत. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन बिरड्याचा रोजा झाला, कारण उपास वालाच्या बिरड्यावर सुटे. पुरीम हा होळीचा सण, कारण तो त्याच सुमारास येतो. पेसाह, म्हणजे इजिप्तमधून सुटकेचा, खमीर वर्ज्य असलेला सण. त्याला तर अनाशी धाकाचा सण म्हणत : भात खाणाऱ्या घरांत खमिराची भाकरी नव्हतीच, तेव्हा निषिद्ध ठरले ते आंबटाचे मडके, आणि ते आठ दिवस झाकून ठेवले जाई. रोजा हा शब्द शेजारच्या मुसलमानांकडून आला.

मग केव्हातरी दावीद राहबी हा बाहेरचा ज्यू आला. तो अकराव्या शतकातला की अठराव्या, याबद्दल एकमत नाही. त्याने बायकांपुढे मासे टाकले, आणि त्यांनी पंख व खवले असलेले तेवढे निवडून बाजूला काढले. तेव्हा हे ज्यूच, अशी त्याची खात्री पटली, असे सांगतात. हाच नियम आजही चालतो : पापलेट, रावस चालतात, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. राहबीने तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले. त्यांचे वंशज काजी म्हणून लग्ने लावीत आणि तंटे सोडवीत.

मुंबईतले पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर), शाअर हारहमीम, १७९६ मध्ये कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी (सॅम्युएल इझिकेल) दिवेकर यांनी मांडवीत बांधले. समाज सिनेगॉगला मशीदच म्हणे, आणि मस्जिद हे रेल्वेस्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, पनवेल, अलिबाग येथेही सिनेगॉगे झाली. उपासनापद्धती सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंची) असून तिच्यात कोचीनच्या ज्यूंचा वाटा मोठा आहे.

सिनेगॉगमधली पवित्र पेटी, म्हणजे हेखाल, जेरुसलेमच्या दिशेला, म्हणून कोकणात पश्चिमेकडे असते. तिच्यात सेफेर तोरा ठेवतात : मोशेच्या पाच ग्रंथांची चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. तिच्यात स्वरचिन्हे नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला पाठ असावा लागतो. ओळीवर बोट न ठेवता छोटी दर्शिका फिरवतात. एक अक्षर जरी चुकले वा पुसले, तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. चोपन्न भागांत विभागलेली तोरा वर्षभरात पुरी होते आणि त्याच दिवशी पुन्हा आरंभापासून सुरू होते. तोरा, प्रवक्ते आणि इतर लेखन मिळून तनाख होतो. त्यावरची मिश्ना इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाली, आणि तिच्या चर्चेतून तालमुद उभा राहिला. परंपरेने मोजलेल्या ६१३ आज्ञांचा तपशील प्रत्यक्ष जगण्यात कसा बसवायचा, याचा वाद त्यात चालतो. बेने इस्राएलांकडे शतकानुशतके नव्हता तो नेमका हाच भाग.

ग्रंथांची उणीव काहीशी अनपेक्षित हातांनी भरली. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि जॉन विल्सन यांनी हिब्रू शिकवली. धर्मांतर क्वचितच झाले; वाचता येऊ लागलेले लोक उलट अधिक कडवे ज्यू झाले. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू-मराठीत छापली गेली. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या प्रतीत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडीत रेखाटल्या आहेत. १८८० च्या सुमारास तोरेतल्या कथांची मराठी कीर्तनेही सुरू झाली.

सगळ्यांत खास विधी मलिद्याचा. नवस फिटला, लग्न ठरले, घर घेतले की एलियाहू हानाबी या प्रवक्त्याच्या नावाने तो होतो. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा घालून परातीत ढीग रचतात आणि भोवती फळे मांडतात. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीतून येणाऱ्याला दुसरे. खजूर पहिल्यात, केळे दुसऱ्यात. सुगंधासाठी गुलाब वा सब्जा, त्यालाही वेगळे आशीर्वचन. अलिबागजवळच्या खंडाळे गावात कातळावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या मानतात, आणि लोक नवस फेडायला तिथे जातात. दर्गे आणि जत्रा यांच्या सहवासाशिवाय हा विधी असा घडला नसता. मटणाच्या रश्शात आणि नव्याच्या सणाच्या गव्हाच्या चिकाच्या हलव्यात नारळाचे दूध असते, कारण मांसाच्या जेवणात गाईम्हशीचे दूध वर्ज्य.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. तिथे १९६० च्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका काढली : तालमुदी घटस्फोटाचे नियम पूर्वजांना माहीत नव्हते, मग त्यांची लग्ने ग्राह्य कशी? आंदोलने झाली, आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमधल्या बेने इस्राएल घरांत मलिदा आजही होतो. समाजाचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तिथूनच निघाले.