वाड्यातून निघालेली खुर्ची

२०१९च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी उतरल्यावर शाहूपुरी, दुधाळी, सुतारवाडा या भागांत रस्त्याकडेला जे ढीग लागले, ते बघितलेल्या माणसाला फर्निचरचा इतिहास निराळा सांगावा लागत नाही. ढिगात होती ती बहुतेक अलीकडची खरेदी : भुशाच्या बोर्डाची कपाटं, टीव्ही युनिट, कॉम्प्युटर टेबल. बोर्ड फुगलेला, वरचा थर सालीसारखा सुटलेला, स्क्रू नुसत्या बोटांनी निघत होते. माझी मामी शाहूपुरीत तळमजल्यावर राहते. तिच्या तीनदारी वॉर्डरोबचं दार उचलायला गेलो तर कोपरा हातात आला आणि बाकीचं दार जागेवरच राहिलं. त्याच खोलीत मामांच्या आजोबांच्या वेळचं सागवानी फडताळ चार दिवस पाण्यात उभं होतं. ते बाहेर काढलं, पाइपनं धुतलं, पंधरा दिवस सावलीत वाळवलं. खालचा एक खण तेवढा तेव्हापासून अडकत उघडतो.

अलीकडं कोल्हापुरात जुनं लाकूडसामान शोधत फिरणारी मंडळी दिसू लागली आहेत. कुणाला कॅफे काढायचाय, कुणाला नव्या फ्लॅटमध्ये एक तरी जुनी वस्तू हवीय, कुणी आजोळच्या माळ्यावरचा पेटारा खाली उतरवून त्याचा टीपॉय करतंय. या सगळ्याला आता ‘व्हिंटेज’ म्हणतात. हे खूळ मुंबई-पुण्याकडून आलं असं म्हणायची पद्धत आहे, आणि शब्दापुरतं ते खरंही आहे. माल मात्र इथलाच. तो मुळात घरात कसा आला आणि नंतर घराबाहेर कसा पडला, ही गोष्ट सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे.

त्याच्याआधी आपल्या घरात फर्निचर म्हणावं असं फारसं नव्हतंच. बसायला जमीन, त्यावर जाजम किंवा घोंगडं, ऐपत असली तर गादी, लोड, तक्क्या. सामान ठेवायला कोनाडा, खुंटी, उतरंड. बलुतेदार सुतार करायचा तो नांगर, कुळव, बैलगाडी आणि घराची चौकट. घरातल्या वापराचं म्हणाल तर पाट, चौरंग, पाळणा, पोळपाट, फार तर एक संदूक. भाषेतही याच्या खुणा आहेत. ‘खुर्ची’ अरबीतून फारसीमार्गे आली, ‘बाक’ पोर्तुगीजांकडून. ‘कपाट’ शब्द आपला, संस्कृतातला, पण तिथं त्याचा अर्थ दाराची फळी. म्हणजे भिंतीतल्या कोनाड्याला दार लागलं आणि पुढं त्या दारानंच सगळ्या वस्तूचं नाव घेतलं. खुर्ची तर इतकी मोजक्यांची होती की मराठीत तिचा अर्थ आजही सत्ता असाच आहे.

कोल्हापुरात उंचावर बसायची ही रीत राजवाडा आणि इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीची कचेरी, या दोन वाटांनी आली. मेजर चार्ल्स मँटनं आराखडा केलेला नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. काळ्या घोटीव दगडाची ही इमारत आज संग्रहालय म्हणून बघताना लोक दरबार हॉल, शिकारीची जनावरं, हत्यारं यांच्याकडंच बघतात. खुर्च्या, कोच आणि आरसे यांच्याकडं थोडा वेळ बघावं. विलायती नमुन्याचं सामान राजाच्या घरी आलं की सरदार मागं राहत नाहीत. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा कोल्हापूरच्या मोठ्या जहागिऱ्या, त्यांच्याखाली इनामदार, मग पेठांतले व्यापारी आणि वकील. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली आणि घाटावरून बैलगाडीनं आणायला अवघड असलेला जड आणि नाजूक माल शहराच्या दाराशी येऊ लागला.

मग वाड्याच्या माडीवर दिवाणखाना सजला. त्याचं रूप अनेकांनी आजोळी बघितलेलं असतं : संगमरवरी माथ्याचं गोल टेबल, हंड्या-झुंबरं, ठोके देणारं लंबकाचं घड्याळ, लांब हातांची आरामखुर्ची, भिंतीवर काचेच्या चौकटीतली लक्ष्मी आणि सरस्वती. ही देवादिकांची चित्रं रवि वर्मा यांच्या छापखान्यातली असायची किंवा त्याची नक्कल. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि मूळ तैलचित्र ज्यांना कधीच परवडलं नसतं त्यांच्या देवघरात रंगीत छापील प्रती पोहोचल्या.

इथं मला एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, कारण व्हिंटेजवाले ती हमखास विसरतात. दिवाणखान्यातल्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तू त्या वेळच्या कारखान्यात थप्पीनं निघालेल्या होत्या. चित्रं छापील, घड्याळ अमेरिकेच्या नाहीतर जर्मनीच्या कारखान्यातलं. आणि ज्या वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्चीला आज सगळ्यात जास्त मागणी आहे, जी इराण्याच्या हॉटेलात असायची, तिची कुळकथा तर अगदीच कारखान्याची. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटनं १८५९ साली १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली. बीच जातीचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं आणि वाळलं की तोच आकार कायम. सगळी मिळून सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. ते खोकं बोटीनं कुठंही जावं आणि तिथल्या माणसानं स्क्रू आवळून खुर्ची उभी करावी. घरी येऊन जोडायचं फर्निचर ही युक्ती काही आजच्या कंपन्यांची नव्हे.

म्हणजे जुनं ते हाताचं आणि नवं ते यंत्राचं ही वाटणी टिकत नाही. फरक दुसरीकडं आहे.

तो मला कळला मंगळवार पेठेतल्या एका मेस्त्रींकडं. पाडायला काढलेल्या एका वाड्यातून मी आरामखुर्ची घेतली होती. एक पाय डगमगत होता. मी तिचं पॉलिश कौतुकानं दाखवत होतो, तर ते म्हणाले, “वरनं काय दावताय पावणं, उलटी करा की.” खुर्ची उलटी झाली. त्यांनी आतल्या अंगावरची धूळ पंजानं पुसली आणि पाय जिथं आडव्या पट्टीला मिळतो तिथं नख ठेवलं. पटाशीनं मारलेल्या दोन बारीक चिरा पायावर, तशाच दोन पट्टीवर. पुढच्या पायाला तीन आणि तीन. “ही जोडी-जोडीची खूण हाय. कुठलं कुसू कुठल्या खाचंत जायचं त्याची. म्हंजी खोलायची म्हणूनच बांधलीया.” मग लाकडी मोगरीचे दोन हलके ठोके मारून त्यांनी पाचर बाहेर काढली. पाय सरळ हातात आला, कुठं ढलपी उडाली नाही. आत खिळा नाही, स्क्रू नाही. जुनी पाचर सुकून बारीक झाली होती, एवढाच रोग. नवी बसवायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि चहाला वीस.

थोनेटची खुर्ची स्क्रूची आणि ही पाचरीची, पण दोन्ही खोलता येतात. तुटलेला तुकडा बदलता येतो, बैठकीचा वेत पुन्हा विणता येतो. वेत विणण्याचं काम तर अंध शाळांतून शिकवलं जायचं आणि सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या त्या हातांनी विणून निघायच्या. भुशाच्या बोर्डात स्क्रू एकदा सुटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही, तिथं मेस्त्री काय करणार?

कोल्हापूरच्या मेस्त्री लोकांबद्दल बोलायचं तर बाबूराव पेंटरांना वगळता येत नाही. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्रीच. घरात हस्तकौशल्याची परंपरा होती. आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग कॅमेरा स्वतः बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. नुसत्या रंगवलेल्या पडद्यापुढं नट उभा करण्याऐवजी घडीव सेट उभारण्याचं श्रेय त्यांना देतात. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ साली इथं प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. सेट घडीव झाला की सिंहासनापासून चौरंगापर्यंत सगळं घडीव लागतं. चित्र दाखवा आणि वस्तू घ्या, ही कोल्हापूरच्या सुताराची ख्याती या धंद्यानं वाढवली असावी असा माझा कयास आहे.

वाडे रिकामे व्हायला लागले ते स्वातंत्र्यानंतर. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबाराच्या भोवती जगणाऱ्या घराण्यांचा आधार सुटला. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ला कसणारा जमिनीचा मालक ठरला. ज्यांचं उत्पन्न कुळांच्या खंडावर होतं त्यांना वाडा सांभाळणं जमेना. हा कायदा व्हायलाच हवा होता, वाड्यातल्या झुंबरासाठी त्यावर कुणी रडू नये. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले. इकडं शहरातल्या वाड्यांत भाडेकरू बसलेले, भाडं १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं गोठलेलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, दिवाणखान्यात पार्टिशन पडलं, झोपाळ्याच्या कड्या कपडे वाळत घालायच्या दोरीला उपयोगी पडल्या. शेवटी बिल्डर आला. पाडकामवाला चौकटी, खांब, तुळया घनफुटाच्या हिशेबानं घेऊन जायचा आणि कोरीव गणेशपट्टीचाही भाव लाकडाच्या मापानंच व्हायचा. तांब्याचा बंब आणि घंगाळ तर शब्दशः मोडीत गेले. त्याच्या बदल्यात स्टीलचे डबे आले आणि आई-आजीला ते मनापासून आवडले, कारण त्यांना चिंच लावून घासावं लागत नव्हतं.

गेलेल्या सामानाची जागा काही रिकामी राहिली नाही. गोदरेजनं १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली होती, स्वातंत्र्यानंतरच्या पिढीत ‘गोदरेज’ हेच कपाटाचं नाव झालं, मग ते उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये का बनलेलं असेना. सनमायका आला, फोमचा सोफा आला, पुढं प्लॅस्टिकची एकसंध खुर्ची आली. त्या खुर्चीला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. मंगल कार्यालयात एका कोपऱ्यात शंभरेक खुर्च्यांची चवड रचणाऱ्या पोराला सागवानाचं महत्त्व सांगायला जाऊ नये.

लाकडाच्या बाजारातला मोठा फरक १९९६ साली पडला. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले आणि विनापरवाना आरागिरण्यांवर टाच आली. २०१४ मध्ये ब्रह्मदेशानं सागाचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं. नवा सागवान असा आवाक्याबाहेर गेला, आणि प्लायवुड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड अशा थर किंवा भुसा दाबून केलेल्या फळ्यांना रान मोकळं मिळालं. २०१२च्या सुमारास ऑनलाइन फर्निचर कंपन्या निघाल्या, २०१८ मध्ये हैदराबादला आयकियाचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. गंमत म्हणजे बोर्ड उसाच्या चिपाडापासूनही करतात. उसाच्या जिल्ह्यात राहून आपण त्या कपाटांना परकं तरी कसं म्हणायचं!

नव्या लाकडाचा भाव चढला तशी जुन्या लाकडाची किंमत उमगली. आज टिंबर मार्केटमध्ये जुना सागवान विचारणारा माणूस हौशीच असतो असं नाही, चौकटीसाठी मुरलेलं लाकूड हवं म्हणून येणारेही आहेत. मुरलेलं म्हणजे जे आकसायचं, वाकायचं ते वाकून झालेलं. हौशी गिऱ्हाइकाला मात्र बाजारात फसायला भरपूर जागा आहे. कोवळं लाकूड भाजून, घासून, वर गडद पॉलिश मारून ‘अँटिक’ म्हणून विकतात. मेस्त्री त्यावर एकच करतात, खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू बघतात. दर्शनी भाग म्हातारा आणि पाठ कोरी असं दिसलं की खण परत आत. एक कायद्याची गोष्टही ध्यानात असू द्या : १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणं शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

जुन्याबरोबर सुट्या कारागिरांचा माल घरात आणणारेही वाढलेत. सनगरांनी विणलेलं घोंगडं सोफ्यावर पडतं, बुरुडाची पाटी झाडाच्या कुंडीला लागते, सावंतवाडीची लाकडी फळं शोकेसमध्ये बसतात. यातल्या कुणाचा धंदा एवढ्यानं वर आला असं मला दिसत नाही. घोंगड्याला सोफा मिळाला, पण घोंगडं घेऊन रानात जाणारं गिऱ्हाईक कमी झालं, आणि पहिलं दुसऱ्याची भरपाई करत नाही.

२०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला, आधीपेक्षा मोठा. मामीनं या वेळी वॉर्डरोब घेतलाच नव्हता, लोखंडी रॅकवर पत्र्याच्या ट्रंका रचल्या होत्या. फडताळ भिंतीला होतं तिथंच होतं, कारण ते हलवायला चार माणसं लागतात आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या घरी त्याचंच पाणी होतं. नंतर मी मंगळवार पेठेतल्या मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी अडकणारा खण रंधा मारून सैल केला, तळाची एक फळी बदलली आणि दारांवरच्या पाण्याच्या रेघांवर बोट फिरवत विचारलं, “वैनी, ह्या घासून काढू? लाख मारली की दिसायच्या न्हाईत.” मामी म्हणाली, राहू देत. रेघा अजून आहेत. दुसरी पहिलीपेक्षा वीतभर वर.