जुनी पिकअप खोलायला देताय? आधी एवढं वाचा

वडिलांच्या हातची पिकअप पुन्हा उभी करायची म्हणून लोक आमच्या गॅरेजात येतात आणि उभ्या उभ्या विचारतात, "एकूण किती लागतील?" गाडी खोलल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. रंगाखाली काय आहे ते तुम्हालाही माहीत नसतं, आम्हालाही नसतं.

आपल्या खान्देशातल्या गाड्या खालून सडतात. काळी माती मडगार्डच्या आत आणि चेसिसच्या कोपऱ्यांत घट्ट बसते आणि पावसाळ्यात प्यालेलं पाणी दिवाळीपर्यंत सोडत नाही. केळीच्या चिकाचे काळे डाग दिसायला वाईट, पण पत्रा खातं ते खत. पोटॅशच्या फाटक्या गोण्या वाहिलेला हौदा वरून धड दिसतो, हातोडीचा हलका ठोका मारला की भोक पडतं. म्हणून एक विनंती: आणण्याआधी गाडी धुऊन, लांबी (पत्र्यावरची पुट्टी) भरून चकचकीत करू नका. ती लांबी काढण्याची मजुरी तुम्हालाच पडते.

खोलायला सुरुवात फोटोंपासून. मग बॅटरी सोडतो, टाकीतलं डिझेल काढतो. हौद्याचे यू-बोल्ट सहसा सरळ निघत नाहीत. डिझेल-ऑइल मारून रात्रभर भिजवतो, तरीही अडलं तर गरम करतो. कटर शेवटी. वायरिंगच्या प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी चिठ्ठी लागते. नट-बोल्ट भागागणिक वेगळ्या पिशवीत. पहिल्या वर्षी आम्ही सगळे एकाच पत्र्याच्या डब्यात टाकले होते. केबिन बसवताना अख्खा दिवस डबा चाळण्यात गेला.

केबिनचा तळ सडलेला असेल तर पत्रा कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडव्या पट्ट्या मारतो, नाहीतर चौकट वाकते आणि नंतर दरवाजा जन्मात नीट लागत नाही. पाट्यांचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) सेंटर बोल्ट क्लॅम्प लावल्याशिवाय कोणी सोडू नये. दाबलेले पाटे उसळतात, हात जायबंदी होतो. घरी पोरांना "तेवढं खोलून ठेवा" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसांना घातक. तिथे हवा मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो.

तुटका भागही आम्ही फेकत नाही. 1988 साली आलेल्या टाटामोबाईलसारख्या गाडीचा एखादा पत्रा दुकानात मिळेलच असं नाही. मग सडलेला तुकडाच नमुना म्हणून कामाला येतो. फैजपूरकडच्या एका गाडीच्या सीटखाली कापसाची बोंडं आणि वजनकाट्याची पावती निघाली, मागे पेन्सिलीने उधारीचा हिशोब. मालक ती पावती धरून बराच वेळ बाकावर बसून होते. असं काही निघालं तर पिशवीत घालून तुमच्या हाती देतो. हौद्यावर पेंटरच्या हातचं नाव असेल तर तेही आधी विचारून मगच खरवडतो.

कागदपत्रांचं: चेसिस नंबरवर आम्ही ग्राइंडर चालवत नाही, गंज कितीही असो. खोलण्याआधी तुमच्यासमोर त्याचा पेन्सिलने ठसा घेतो. रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात नोंद लागते, आधी आरटीओत विचारा. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं. त्याची तारीख बघूनच गाडी आणा.

वेळेचं म्हणाल तर कापूस संपला की आणा. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो, म्हणून घासला त्याच दिवशी प्रायमर मारावा लागतो. आणि मेमध्ये 45 अंशांत रंग बंदुकीतून निघेपर्यंतच सुकू लागतो, तेव्हा आम्ही पहाटे रंग मारतो. "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी दारात पाहिजे" म्हणून चैत्रात गाडी आणलीत तर नाही म्हणू.

गाडी पूर्ण खोलून झाली की आम्ही फोन करू. त्या दिवशी घरातलं निर्णय घेणारं माणूस घेऊन या. सगळे भाग जमिनीवर मांडलेले असतील. काय वाचतं, काय बदलायचं ते हात लावून दाखवू आणि खर्चाचा आकडा तिथेच लिहून देऊ. पटलं नाही तर खोलण्याची मजुरी द्या, सगळ्या पिशव्यांसकट गाडी घेऊन जा.